नदीने न नेलेला किल्ला

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदीच्या काठाशी, एक सखल बेट आहे. इंग्रजांना अमेरिकेत टिकवता आलेली पहिली वसाहत ती हीच: जेम्सटाउन, स्थापना १६०७. अमेरिकन मुलांना हे नाव शाळेतच पाठ होते. बेटावर पुतळे उभे राहिले, शतकोत्सव झाले, इंग्लंडची राणी येऊन गेली. पण ज्या किल्ल्यात या सगळ्याची सुरुवात झाली, तो मात्र कुणाला दाखवता येत नव्हता. नदीने काठ कापत कापत तो कधीच नेला, असे अभ्यासकही धरून चालले होते.

१९९४ च्या एप्रिलमध्ये विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने चर्चच्या पडक्या मनोऱ्याजवळ खणायला घेतले. दोन वर्षांत चित्र पालटले. किल्ला पाण्यात गेलेलाच नव्हता. त्याचा बहुतेक भाग हिरवळीखाली होता आणि पर्यटक त्याच्यावरूनच ये-जा करत होते.

जुनी जागा जतन करायची म्हणजे कुंपण घालून पाटी लावायची, असे आपल्याला वाटते. खरे तर प्रत्येक पिढी आधी ठरवते की या जागेतले आपले काय, जपण्याजोगे काय. आणि मग तेवढेच जपते. जेम्सटाउनला गेल्या सव्वाशे वर्षांत हे तीन वेळा ठरवले गेले आणि तिन्ही वेळा उत्तर निराळे आले. म्हणून ही जागा पाहताना दोन इतिहास एकदम पाहावे लागतात: एक वसाहतीचा आणि दुसरा तिच्या जतनाचा.

सनद लंडनची, जमीन पॉव्हाटनची

एप्रिल १६०६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनियात वसाहत करण्याची सनद दिली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी भांडवल उभे केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीन जहाजे निघाली: ‘सुझन कॉन्स्टंट’, ‘गॉडस्पीड’ आणि ‘डिस्कव्हरी’. ताफ्याचा प्रमुख होता कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट. १४ मे १६०७ रोजी १०४ पुरुष आणि मुलगे या बेटावर उतरले. त्यांच्यात बाई एकही नव्हती.

जागा निवडताना त्यांच्या डोळ्यांपुढे शत्रू होता तो स्पेनचा. समुद्रावरून सहज दिसणार नाही इतके आत जायचे, पण जहाज काठाला लागेल असे खोल पाणीही हवे. इथे पात्र इतके खोल होते की जहाजे थेट काठावरच्या झाडांना बांधता आली. शिवाय बेटावर कुणी राहत नव्हते, हेही त्यांच्या पथ्यावर पडले.

आजूबाजूला मात्र भरपूर वस्ती होती. जवळच पास्पहेघ लोकांची गावे होती. त्यांच्यासह तीसेक जमातींवर ज्याची सत्ता चाले, त्याचे नाव वाहुन्सेनाकाव. इंग्रज त्याला पॉव्हाटन म्हणत. या मुलखाला त्याच्या लोकांचे स्वतःचे नाव होते, त्सेनाकोमाका. इतक्या नांदत्या मुलखातले एक बेट मोकळे पडले असेल, तर त्यालाही कारण असणार. बेटाचा बराचसा भाग दलदलीचा होता, गोड्या पाण्याचा झरा नव्हता आणि उन्हाळ्यात डासांचा सुकाळ. ज्यांना मुलूख ठाऊक होता त्यांनी ती जागा राहायला घेतली नव्हती.

मे संपायच्या आतच इंग्रजांवर हल्ला झाला. मग त्यांनी घाईघाईने तटबंदी उभारली आणि १५ जूनच्या सुमाराला ती पुरी केली. दगड-चुन्याचा किल्ला नव्हे. आपल्या जुन्या कागदांत ज्याला मेढेकोट म्हणतात तशातला. चर खणून त्यात झाडांचे सोट शेजारी शेजारी उभे पुरलेले, आकार त्रिकोणी, तिन्ही कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आणि त्यांवर तोफा. पुढे १६१० मध्ये इथे आलेल्या विल्यम स्ट्रेचीने मापेही लिहून ठेवली: नदीकडची बाजू १४० यार्ड, उरलेल्या दोन शंभर शंभर यार्डांच्या. हा आकडा जवळजवळ चार शतकांनी कामी येणार होता.

मराठी वाचकाला या व्यापाऱ्यांची ओळख दुसऱ्या वाटेने आहे. व्हर्जिनिया कंपनीचा कारभार १६०९ ते १६१९ ज्याच्या हाती होता, तो सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. कप्तान न्यूपोर्टने व्हर्जिनियाच्या खेपा संपवून ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी धरली आणि १६१७ मध्ये तो जावा बेटावरच्या बांटमला मरण पावला. जेम्सटाउनवर लष्करी शिस्तीचा बडगा उगारणारा सर थॉमस डेल पुढे कंपनीचे आरमार घेऊन पूर्वेकडे आला आणि १६१९ मध्ये मछलीपट्टणला वारला. पेढी एक आणि माणसेही तीच. पण सुरतेत १६१३ साली त्यांना मुघल बादशहाची परवानगी काढून वखार घालावी लागली आणि तिथल्या कायद्याने वागावे लागले. पॉव्हाटनची सत्ता मात्र त्यांनी आपल्या बरोबरीची मानलीच नाही. त्याच्याकडून ते मका घेत आणि त्याची जमीन धरून बसत.

मचूळ पाण्याचे दिवस

पहिल्या ऑगस्टपासूनच माणसे मरू लागली. नदीचे पाणी भरतीला खारे आणि ओहोटीला गढूळ. वरून पाऊस नाही. हिवाळा येईतो १०४ पैकी जेमतेम ३८ उरले. सोने सापडेल या आशेने एक जहाज भरून चकचकीत माती लंडनला रवाना झाली. ती मातीच निघाली.

या उपासमारीचा दोष बरीच वर्षे माणसांवरच टाकला जाई. आलेल्यांत खानदानी आळशी फार, हातांनी काम करणारे थोडे, असे वसाहतीचा एक म्होरक्या कॅप्टन जॉन स्मिथ याने लिहून ठेवले होते आणि ते सगळ्यांना पटलेही. १९९८ मध्ये झाडांनी दुसरी साक्ष दिली. या भागात ‘बाल्ड सायप्रस’ नावाचे, शेकडो वर्षे जगणारे, पाणथळीतले झाड होते. ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षीचे वलय रुंद, दुष्काळाचे अरुंद. संशोधकांनी ही वलये मोजली तेव्हा दिसले की १६०६ ते १६१२ ही सात वर्षे म्हणजे ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षे होती. इंग्रज उतरले ते ऐन दुष्काळात. पॉव्हाटनच्या लोकांचेही मक्याचे कणगे रिते होते आणि त्यांच्याकडे हे पाहुणे बंदुका दाखवून धान्य मागत होते. भांडण पेटले त्याचे निम्मे कारण आभाळात होते.

१६०९–१० चा हिवाळा सगळ्यात वाईट गेला. पॉव्हाटनच्या योद्ध्यांनी किल्ल्याची नाकेबंदी केली. नवे सामान आणणाऱ्या ताफ्याचे मुख्य जहाज ‘सी व्हेंचर’ वादळात सापडून बर्म्युडाला फुटले होते. किल्ल्यात सुमारे ३०० माणसे होती. वसंतात साठेक जिवंत सापडली. जून १६१० मध्ये त्यांनी जेम्सटाउन सोडून दिलेदेखील. जहाजे नदीतून खाली जात असतानाच नवा गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर शिबंदी आणि शिधा घेऊन येत असल्याची वर्दी आली आणि सगळ्यांना माघारी फिरावे लागले. त्याने येताच हुकूम सोडला: किल्ला झाडून काढा. त्या साफसफाईत जुनी तळघरे आणि खड्डे कचऱ्याने भरून टाकले गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

पुढची कथा सर्वांना ठाऊक असलेली. १६१२ च्या सुमाराला जॉन रॉल्फने तंबाखूची लागवड करून पाहिली आणि वसाहतीला पैसे देणारे पीक मिळाले. १६१४ मध्ये त्याने पॉव्हाटनची मुलगी पोकाहाँटस हिच्याशी लग्न केले. तीन वर्षांनी ती इंग्लंडमध्येच वारली. १६१९ च्या जुलैअखेरीस इथल्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. त्यानंतर महिनाभरातच आफ्रिकेतून पकडून आणलेल्या वीसेक माणसांना घेऊन पहिले जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले. तंबाखू जमीन मागे आणि हातही. जमीन देशी लोकांची गेली, हात आफ्रिकेतून आणले गेले. १६७६ च्या बंडात जेम्सटाउन जाळले गेले, पुन्हा उभे राहिले. १६९८ मध्ये सभागृहाला आग लागल्यावर राजधानी विल्यम्सबर्गला गेली. गाव ओस पडले आणि त्यावर नांगर फिरला.

मनोरा आणि धक्का

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सतराव्या शतकातले जमिनीवर दिसणारे एवढेच उरले होते: विटांच्या चर्चचा एक पडका मनोरा. १८९३ मध्ये व्हर्जिनियातल्या पुरावास्तू जतन करणाऱ्या एका संस्थेला मनोऱ्याभोवतीची साडेबावीस एकर जमीन देणगी मिळाली. संस्थेत पुढाकार होता तो तिथल्या घरंदाज बायकांचा. यादवी युद्धात दक्षिणेची हार झाली होती, जुनी प्रतिष्ठा गेली होती, आणि आपले पूर्वज अमेरिकेत सर्वांत आधी आले हे सांगायला ही जागा हाताशी होती. त्यांनी जपले ते त्या कथेला शोभणारे. १९०७ मध्ये मनोऱ्याला लागून जुन्या पायावर स्मारक-चर्च बांधले गेले. १९०९ मध्ये नदीकडे पाहणारा जॉन स्मिथचा पुतळा बसला. १९२२ मध्ये पोकाहाँटसचाही आला, पण तिच्या अंगावरचा पेहराव तिच्या लोकांचा नव्हे, दूरच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचा.

या पिढीने केलेले सर्वांत मोलाचे काम मात्र दिसायला अगदी रुक्ष होते. नदी दरवर्षी काठ खात होती. १९००–०१ मध्ये काठाला पक्का धक्का बांधण्यात आला आणि झीज थांबली. किल्ला तोवर वाहून गेला आहे असे समजूनच तो बांधला गेला. मनोरा आणि थडगी वाचावीत एवढाच हेतू होता.

बेटाचा उरलेला भाग १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आला. खात्याने गावाच्या बाजूला बरेच खणले, घरांचे पाये आणि रस्ते सापडले. किल्ल्याचा ठावठिकाणा काही लागला नाही. १९५७ मध्ये, साडेतीनशेव्या वर्षी, जवळच एक वेगळे संग्रहालय उघडले: लाकडी कोट, तीन जहाजांच्या प्रतिकृती, जुन्या वेशातले कारागीर. खरा किल्ला नाही तर नकली तरी दाखवू, असा तो व्यवहार होता. आजही अनेक पर्यटक ते पाहून समाधानाने घरी जातात.

मातीतले काळे डाग

केल्सोची शंका साधी होती. चर्च किल्ल्याच्या आत होते असे जुने लेख सांगतात. चर्चचा मनोरा तर कोरड्या जमिनीवर उभा आहे. मग किल्ला सगळाच्या सगळा नदीत कसा जाईल?

मेढेकोट शोधायचा म्हणजे लाकूड शोधायचे नसते. ते केव्हाच कुजून गेलेले असते. चर खणताना खालची पिवळी चिकणमाती वर येते, सोट उभे करून ती पुन्हा लोटली जाते, आणि सोट कुजला की त्याच्या जागी काळपट, भुसभुशीत माती साचते. वरचा नांगरटीचा थर हलक्या हाताने काढून जमीन खरवडली की पिवळ्या मातीत ओळीने काळे गोल डाग दिसतात. एकेक डाग म्हणजे एकेक सोट. केल्सोच्या माणसांना असे डाग एका सरळ रेषेत मिळाले, मग रेषा एका गोलाईला वळली. तो बुरूज होता. त्याच्या पलीकडे दुसरी रेषा निघाली. स्ट्रेचीच्या मापांशी ताडून पाहताच त्रिकोण जुळला. १९९६ मध्ये किल्ला सापडल्याचे जाहीर झाले. नदीने नेला होता तो फक्त पश्चिमेकडच्या बुरुजाचा तुकडा.

बाकीचा भाग वाचवण्यात यादवी युद्धाचाही हात होता. १८६१ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने नेमके इथेच मातीचे मोर्चे बांधले होते. त्यांच्या भरावाने खालचे थर काही ठिकाणी कापले गेले, पण पुष्कळ ठिकाणी झाकलेही गेले.

आजवर या जागेतून तीस लाखांहून जास्त वस्तू निघाल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कुणीतरी टाकून दिलेल्या. विहिरीचे पाणी खराब झाले की तिची कचराकुंडी होई. म्हणून पुरातत्त्वज्ञाला विहीर म्हणजे पर्वणी. चिलखताचे तुकडे, मण्यांची माळ, चिनी मातीच्या पेल्याची खापरे, शिंपले, कासवांच्या पाठी. तांब्याच्या पत्र्याच्या कातरणी तर ढिगाने. पॉव्हाटनच्या लोकांत तांब्याला मान होता. इंग्रज पत्रा कापून देत आणि मका घेत. हिशेबाच्या वह्यांत नसलेला हा सौदा कातरणींत शिल्लक राहिला.

जेन

२०१२ मध्ये डी ला वॉरच्या हुकुमाने बुजवलेल्या एका तळघरात घोड्या-कुत्र्यांच्या हाडांबरोबर माणसाच्या कवटीचे तुकडे आणि नडगीचे हाड मिळाले. स्मिथसोनियन संस्थेतले मानववंशशास्त्रज्ञ डग्लस आउस्ली यांनी ती तपासली. दातांवरून वय चौदाच्या आसपास, मुलगी. दात आणि हाडांतल्या मूलद्रव्यांवरून ती दक्षिण इंग्लंडच्या किनारी भागात वाढलेली आणि तिथल्या गव्हावर पोसलेली. कपाळावर चार उथळ घाव, जवळजवळचे, कचरत घातलेले. मग कवटीच्या मागच्या बाजूला जड हत्याराचे घाव, जबड्याजवळ सुरीच्या बारीक रेघा. ती आधीच मेलेली होती. तिचे मांस काढणाऱ्याला हे काम येत नव्हते, हेही त्या रेघा सांगतात.

त्या हिवाळ्यात माणसांनी माणसांना खाल्ल्याचे तेव्हा किल्ल्याचा प्रमुख असलेल्या जॉर्ज पर्सीने पुढे लिहून ठेवले होते. घोडे, कुत्री, मांजरे, उंदीर, बुटांचे चामडे हा क्रमही त्याने दिला होता. कंपनीने १६१० मध्येच पत्रक छापून नरमांसाची गोष्ट खोडून काढली. नवे वसाहतवाले आणि नवे भागधारक मिळायला हवे होते ना. पर्सी खरे बोलतो की कंपनी, यावर इतिहासकार चारशे वर्षे वाद घालत राहिले. तळघराने निकाल दिला. मुलीचे खरे नाव कळायला मार्ग नाही; संशोधक तिला जेन म्हणतात. तिचे अवशेष आणि त्यांवरून घडवलेला चेहरा बेटावरच्या संग्रहालयात आहे.

२०१० मध्ये किल्ल्यातले १६०८ चे चर्चही सापडले, तेच ज्यात पोकाहाँटसचे लग्न लागले. वेदीजवळ चार दफने होती. २०१५ मध्ये त्यांची ओळख पटली. त्यांतल्या कॅप्टन गॅब्रिएल आर्चरच्या शवपेटीवर चांदीची छोटी डबी ठेवलेली होती. आत हाडांचे तुकडे आणि शिशाची कुपी, म्हणजे कॅथलिकांत संतांचे अवशेष ठेवतात तसली. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या वसाहतीत एका म्होरक्याच्या दफनात ही वस्तू कुणी ठेवली असेल? कागद याविषयी गप्प आहेत.

यादीतली माणसे

केल्सोच्या पिढीने कचरा मोलाचा ठरवला. त्यातून तिसरी निवड आपसूक पुढे आली: पुतळे न झालेल्या माणसांची. १६२५ च्या शिरगणतीत कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरी राहणाऱ्या एका आफ्रिकी बाईचे नाव येते, अँजेला. ‘ट्रेझरर’ जहाजातून ती आली एवढेच यादी सांगते. २०१७ पासून पिअर्सच्या घराची जागा तिच्या नावाने खणली गेली. घराचा धनी मातबर होता, पण उत्खननाला नाव अँजेलाचे मिळाले; १९०७ मध्ये हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

अशा नोंदींत एक आपल्याकडचाही सापडतो. १६३५ मध्ये जॉर्ज मेनिफी या जमीनदाराने आणलेल्या माणसांत टोनी नावाचा एक ‘ईस्ट इंडियन’ आहे. व्हर्जिनियात माणूस आणला की माणशी ५० एकर जमीन मिळे. टोनी कागदावर आला तो त्या ५० एकरांपायी. एवढी एक ओळ मागे ठेवून तो इतिहासातून नाहीसा होतो.

आणि ज्यांची जमीन होती ते? शाळेच्या धड्यात पॉव्हाटनचे लोक वसाहतीला मका देतात, मग हल्ले करतात, मग गायब होतात. प्रत्यक्षात ते कुठेही गेलेले नाहीत. पामंकी जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळायला मात्र २०१५ चा निर्णय व्हावा लागला आणि व्हर्जिनियातल्या आणखी सहा जमातींना २०१८ चा कायदा. पॉव्हाटनची राजधानी वेरोवोकोमोको यॉर्क नदीच्या काठी २००३ मध्ये ओळखली गेली. ती जागाही आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे.

पाणी वर येते आहे

आज किल्ल्याच्या मूळ रेषेवर काही ठिकाणी नवे सोट उभे केले आहेत, त्यामुळे त्रिकोण डोळ्यांना दिसतो. पण बेट सखल, जमीन हळूहळू खचणारी आणि समुद्राची पातळी चढती. वादळात आणि मोठ्या भरतीला पाणी धक्क्यावरून येते, दलदल खालून फुगते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत जेम्सटाउनचे नाव आले. १९०१ च्या धक्क्यापुढे ग्रॅनाइटचे मोठे दगड टाकून तो बळकट करण्यात आला आहे. आतल्या सखल भागाला तेवढ्याने भागणार नाही.

पुरातत्त्वाचा एक नेम असा की सगळे खणून टाकू नये. उद्याच्या लोकांकडे आपल्याहून चांगली साधने असतील, म्हणून काही जमीन त्यांच्यासाठी राखावी. हाडांवरून माणसाचे बालपण कुठे गेले हे १९५५ च्या उत्खनकाला काढता आले नसते. पण राखून ठेवलेली जमीनच पाण्याखाली जाणार असेल तर हा नेम उलटतो: आता खणा, नाहीतर कायमचे विसरा. कुठला कोपरा आधी, कुणाची थडगी आधी, हे ठरवणे म्हणजे चौथी निवड. आणि या खेपेला नदी सवड देत नाही.

ही निवड करताना आठवावा तो तोच जुना धक्का. बांधणाऱ्यांना मनोरा हवा होता. किल्ला गेला असे ते समजत होते, आणि गुलामांचा किंवा कचऱ्याचा इतिहास त्यांना शोधायचाच नव्हता. तरीही त्यांनी काठ सबंध बांधला, फक्त मनोऱ्यापुढचा नव्हे, आणि म्हणून मेढेकोटाचे काळे डाग, जेन आणि चांदीची डबी आपल्यापर्यंत पोहोचली. जतनाचे काम करणाऱ्याने आपल्या आवडीपेक्षा चार हात जास्त जमीन राखावी, हा जेम्सटाउनचा सर्वांत उपयोगी धडा आहे. काय महत्त्वाचे होते ते बहुतेक वेळा पुढच्यांनाच कळते.